बंद बोअर आणि पडक्या विहिरी बुजवायला सरकारी पैसा: कोणत्या हेडमधून, आणि काम नीट कसं करून घ्यायचं

प्रश्न, थोडक्यात: नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलं आहे. गावात हातपंपाचे चार बंद बोअर आहेत, शेतांमध्ये कोरडे गेलेले सात-आठ बोअर आहेत आणि शाळेजवळ एक पडकी विहीर आहे. हे बुजवायला सरकारी अनुदान मिळतं का? कोणत्या योजनेतून? आणि काम कसं करायचं?

उत्तर:

आधी पैशाचं सांगतो, कारण तिथेच बरेच जण चुकीच्या दाराशी उभे राहतात. महाडीबीटीवर (शेतकरी योजनांच्या अर्जाचं राज्य सरकारचं पोर्टल) ‘विहीर बुजवणे’ असा घटक नाही. शेतकऱ्याने अर्ज केला, बोअर बुजवला आणि खात्यात पैसे आले, अशी वैयक्तिक लाभाची वाट तिथे नाही. तिथे आहे ते नवीन विहीर, जुनी विहीर दुरुस्ती आणि इनवेल बोअरिंग (विहिरीच्या आत घेतलेला बोअर). डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना (अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी) आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना (अनुसूचित जमातीसाठी) यांत जुन्या विहिरीच्या दुरुस्तीला आधी ५० हजार मिळत, २०२४ मध्ये ती मर्यादा १ लाख झाली. पडकी विहीर खासगी असेल, झरे जिवंत असतील आणि मालक पात्र असेल, तर ती बुजवण्यापेक्षा याच पैशातून बांधकाम करून कठडा उभा करणं शहाणपणाचं. पाण्याची विहीर बुजवणं हा शेवटचा पर्याय आहे.

सार्वजनिक बोअर आणि विहिरींची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी पैसा ग्रामपंचायतीच्याच हातात येतो, फक्त तो ‘बोअर बुजवणे’ या नावाने येत नाही. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२२ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीचे ६० टक्के बंधित (ठरलेल्या विषयांवरच खर्चायचा) आणि ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा) असे भाग होते. बंधितातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी संकलन व पुनर्वापराला. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा प्रस्ताव ज्या वर्षात जाईल त्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवा. प्रस्तावाची मांडणी मात्र तीच राहते: गावाच्या नळयोजनेच्या विहिरीजवळ उघडा बोअर असेल, तर तो बुजवणं म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं संरक्षण. असं लिहिलं आणि तसं दाखवलं, तर काम पाण्याच्या हेडमध्ये बसतं. ‘धोकादायक खड्डा बुजवणे’ लिहिलंत, तर ते अबंधितात जातं आणि तिथे त्याला रस्ता, नाली, सभामंडप यांच्याशी भांडावं लागतं. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी ११ व्या क्रमांकावर आहे आणि लघुसिंचन व जलव्यवस्थापन ३ ऱ्या. ठरावात हे दोन्ही विषय नावाने घाला.

इतर दारं अशी. बंद हातपंप जिल्हा परिषदेने खोदलेले असतील तर आधी ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला पत्र द्या, जि.प. सेसमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, छोटी कामं होऊ शकतात. जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेत एका गावाचं काम फार लहान दिसतं, पण पंचायत समितीने सगळ्या गावांची यादी एकत्र करून प्रस्ताव पाठवला तर त्याला वजन येतं. सावनेर, पारशिवनी, उमरेड, रामटेक, कामठी या भागांत कोळसा आणि मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो आणि त्याच्या उच्च प्राधान्याच्या विषयांत पिण्याचं पाणी आहे. काटोलला हा मार्ग बहुतेक लागू होणार नाही, पण हे उत्तर वाचणारे उमरेडकडचे असतील तर त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. काटोल आणि नरखेड तालुके अटल भूजल योजनेत होते. तुमचं गाव त्यात असेल तर जलसुरक्षा आराखड्यात विहिरी-बोअरची यादी तयार असायला हवी. ती मिळवा, अर्धं सर्वेक्षण वाचतं. ज्या बोअरचं पुनर्भरण शक्य आहे त्यांना ‘जल शक्ती अभियान’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली ‘जल संचय जन भागीदारी’ यांचा आधार मिळतो, पण पुनर्भरणाबद्दल पुढे सावधपणे लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अशा कामाचं अंदाजपत्रक सहसा ‘लोखंडी झाकण बसवणे’ एवढ्यावर संपतं. झाकणाने मूल पडण्यापासून वाचतं. ते हवंच, आणि आजच हवं. पण झाकणाखाली बोअर पूर्ण उघडा राहतो. काटोलकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळ्या पाषाणाचे थर. केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवलेला पाइप) मुरमातून कातळाला टेकेपर्यंतच असतं आणि केसिंगच्या बाहेरची फट आपल्याकडचे बोअरवाले सिमेंटने भरत नाहीत. पावसात शेतातलं युरियाचं, फवारणीचं, गोठ्याचं पाणी त्या फटीतून थेट कातळाच्या भेगांत जातं. मातीतून गाळलं जाण्याची संधीच त्याला मिळत नाही. शिवाय बोअर वरच्या थरातलं पाणी खालच्या थरात ओततो, म्हणजे शेजारच्या उथळ विहिरींचं पाणीही उतरतं. गावच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर निघत असेल (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा तीच आहे), तर खत, शौचखड्डे यांच्याबरोबर उघडे बोअरही तपासा. सरकारी पैसा मागायचाच आहे तर तळापासून वरपर्यंत भरण्याचा मागा. खर्चात फार फरक पडत नाही, हे पुढच्या मापांवरून दिसेल.

कागद कोणत्या क्रमाने

सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०१० चा आदेश (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित) प्रस्तावाला सोबत जोडा. बंद बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगड-गोटे किंवा खोदकामाच्या चुऱ्याने भरायचा, योग्य भरल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि जिल्ह्यात चालू, बंद-उघडे व बंद-भरलेले अशी गाववार नोंद ठेवायची, असं त्यात स्पष्ट आहे. ग्रामीण भागात देखरेख सरपंच आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्याकडे दिली आहे. म्हणजे ही ग्रामपंचायतीने हौसेने अंगावर घेतलेली जबाबदारी नाही, तिच्यावर आधीच आहे. निधी मागताना हेच तुमचं बळ.

मग गावाची यादी. प्रत्येक बोअरला क्रमांक, अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, मालकी, व्यास, मोजलेली खोली, पाण्याची पातळी, आत काय अडकलंय, आणि जवळच्या पिण्याच्या विहिरीपासूनचं अंतर. शेवटचा रकाना विसरू नका, हेड ठरतो त्यावर. ही यादी घेऊन नागपूरच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे जा आणि कोणता बुजवायचा, कोणता राखायचा याचा लेखी अभिप्राय घ्या. ग्रामसभेचा ठराव, विकास आराखड्यात काम, ई-ग्रामस्वराजवर नोंद, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, आणि मग काम. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला तर जानेवारीपर्यंत मान्यता हातात येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकतं. तोपर्यंत विहिरींचं पाणीही उतरलेलं असतं.

क्रम उलटा झाला की पैसा अडकतो. आधी बुजवून टाकलं आणि मग बिल लावलं, तर मोजमाप पुस्तिकेत लिहायला काही उरत नाही, कारण जमिनीखाली काय भरलं ते कुणालाच दिसत नाही. म्हणून रिकाम्या बोअरची खोली टेपवर दिसेल असा फोटो, प्रत्येक टप्प्यावर टेपचा फोटो, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा एकत्र फोटो, आणि सगळे स्थाननोंदीसह. हे ठेकेदारावर सोडू नका.

हातपंपाच्या बोअरमध्ये आणखी एक अडचण असते: वरचा सांगाडा, जीआय पाइप, रॉड, सिलिंडर हा सरकारी साठा आहे. त्याचं निर्लेखन झाल्याशिवाय (साठा नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय) तो काढून विकला, हलवला तर लेखापरीक्षणात ग्रामपंचायत अधिकारी अडकतात. देखभाल-दुरुस्ती पथकाकडून काढून घ्या आणि पोच घ्या.

बोअर बुजवणे

उदाहरण धरू: १६५ मिमी व्यास, ६० मीटर (जवळपास २०० फूट) खोल, केसिंग १२ मीटर, पाणी २५ मीटरवर. असा बोअर एका मीटरला २१.४ लिटर माल घेतो. व्यास १५० मिमी असेल तर १७.७ लिटर, आणि ११५ मिमीला १०.४ लिटर. हे आकडे कागदावर लिहून मजुरांच्या समोर ठेवा, सगळं काम याच्यावर तपासलं जातं.

पहिली पायरी बोअर रिकामा करण्याची. तिपाई आणि चेनपुली लावून मोटर, पाइप, केबल, दोर काढा. इंडिया मार्क-२ हातपंप असेल तर ३२ मिमीचे जीआय पाइप साधारण ३ मीटरच्या तुकड्यांत वर येतात. प्रत्येक जोड उघडताना खालच्या पाइपला क्लॅम्प घट्ट बसलाय ना ते दोनदा पाहा. क्लॅम्प सुटला की खालचं सगळं तळाला जातं आणि मग ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. मोटर अडकून बसली असेल तर ओढून केबल तोडू नका. बोअर कॅमेरा मिळत असेल तर आत सोडून कुठे अडकलंय ते पाहा. अजिबात निघत नसेल तर अडकलेल्या वस्तूच्या शेजारून बारीक पाइप सोडून खालचा भाग पातळ सिमेंटने भरता येतो का ते बघावं. नाहीच जमलं तर तिच्यावरून भरावं, पण ही गोष्ट नोंदीत लिहावी.

मग वजन बांधलेल्या टेपने खोली मोजा. कागदावर ६० मीटर आणि टेपवर ३८ येत असेल तर मध्ये ढासळलंय किंवा कुणीतरी दगड टाकलेत. काठीने नव्हे, जड लोखंडी सळीने ठोकून मोकळं करायचा प्रयत्न करा.

पाण्यात ब्लीचिंग पावडर घाला. ३५ मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे ७५० लिटर. २५ टक्के क्लोरीन असलेली पावडर १००० लिटरला २०० ग्रॅम या हिशेबाने १५० ग्रॅम लागते. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी ओता. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नको, तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.

भरण्याचा माल: धुतलेली १० ते २० मिमी गिट्टी आणि जाड वाळू. ११५ मिमीच्या बोअरला १२ मिमीच्या वरची गिट्टी नको. मोठे दगड टाकण्याचा मोह होतो, कारण ते शेतात फुकट पडलेले असतात. पण दोन दगड मध्येच एकमेकांत अडकले की खाली पोकळी राहते, वरून बोअर भरलेला दिसतो आणि दोन-चार पावसाळ्यांनी सगळं एकदम खाली बसतं. ‘बुजवलेला’ बोअर पुन्हा उघडतो तो बहुतेक याच कारणाने. म्हणून एकेक घमेलं, हळू. घमेलं किती लिटरचं ते आधी बादलीने मोजा. दर ३ मीटरला, म्हणजे साधारण ६५ लिटर माल गेल्यावर, टेप सोडा. पातळी हिशेबापेक्षा लवकर वर आली तर माल अडकलाय: थांबा, सळीने ठोका. पातळी वर येतच नसेल तर भेगेत माल जातोय. तिथे जाड गिट्टी थोडी वाढवा आणि किती जास्त गेलं ते लिहून ठेवा.

फक्त गिट्टीने भरलेल्या बोअरमधून पाणी तसंच वर-खाली फिरतं. म्हणून मध्ये सिमेंटची पडदी हवी. कोणत्या खोलीवर, हे भूवैज्ञानिकांना विचारा. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीसारखा पट्टा असतो, तिथे ती सहसा घेतात. आपल्या उदाहरणात ३५ मीटरच्या आसपास ३ मीटरची पडदी आणि वर १५ मीटरपासून १ मीटरपर्यंत सलग सिमेंट धरू. वरची १४ मीटरची सीलच खरं काम करते. ती केसिंगच्या खाली ३ मीटर कातळात उतरते, त्यामुळे केसिंगच्या टोकाखालून आत शिरणारं पाणी अडतं.

सिमेंटचा घोळ: एका ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी. त्यातून सुमारे ४१ लिटर घोळ निघतो. हाताला सोपं जावं म्हणून मजूर पोत्याला ४० लिटर पाणी घालतात. तसा घोळ बसल्यावर वर पाणी सुटतं, सिमेंट आकसतं आणि कडेने फट पडते. २०० लिटरच्या ड्रममध्ये चार पोती आणि १०० लिटर पाणी कालवा, जाळीतून गाळा आणि अर्ध्या तासात वापरा. घोळ वरून ओतायचा नाही. पाण्यातून पडताना सिमेंट धुऊन वेगळं होतं. ३२ मिमीचा एचडीपीई पाइप गिट्टीच्या पातळीपर्यंत सोडा, वर नरसाळं लावा, आणि पाइपचं टोक घोळात किमान १ मीटर बुडालेलं ठेवत हळूहळू वर ओढा. हा घोळ पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड असतो, त्यामुळे तो पाण्याला स्वतःच वर ढकलतो. एवढ्या खोलीला पंप लागत नाही. घोळ सोडण्याआधी गिट्टीवर अर्धा मीटर वाळूचा थर द्या, नाहीतर तो गिट्टीत झिरपून जातो.

हिशेब: मधली पडदी ६४ लिटर, म्हणजे २ पोती. वरची सील ३०० लिटर, म्हणजे साडेसात पोती. भेगांसाठी जादा धरून ९. उरलेल्या ४२ मीटरला ९०० लिटर गिट्टी-वाळू, म्हणजे एक तृतीयांश ब्रासच्या आत (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). वरच्या काँक्रीटला १ पोतं. सगळं मिळून १२ पोती सिमेंट, एक ट्रॉलीही न भरणारी गिट्टी, तिपाई, पाइप आणि चार मजुरांचं काम. दर तुमच्या अभियंत्याकडच्या चालू दरसूचीतून लावा. मोटर काढण्याचं भाडं आणि पाण्याचा टँकर या दोन बाबी अंदाजपत्रकात वेगळ्या दाखवा. त्या सुटल्या की ठेकेदार सिमेंटमध्ये कापतो.

तोंडाशी १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. केसिंगच्या बाहेरची फट इथे दिसते. तिच्यात सळीने टोचत घोळ उतरवा. केसिंग जमिनीखाली १ मीटरवर कापा. पूर्ण केसिंग उपसायचा हट्ट धरू नका. काटोलकडे मुरूम घट्ट असतो म्हणून कधी निघतं, पण कुही, भिवापूर, मौदा या पूर्वेच्या भागात झिजलेला नाइस (gneiss) जातीचा खडक भुसभुशीत आहे, तिथे केसिंग वर घेताच भोक ढासळतं. कापलेल्या टोकावर ६० सेंमी लांब-रुंद आणि ३० सेंमी जाड काँक्रीट. २४ तासांनी सिमेंटची पातळी पुन्हा पाहा, बसलं असेल तर भरा, आणि मगच वर माती लोटा.

काळ्या मातीची खबरदारी वेगळी सांगतो. ती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात. काँक्रीटचा ठोकळा नुसता काळ्या मातीत बसवला तर तो दोन उन्हाळ्यांत तिरका होतो आणि कडेने पुन्हा वाट तयार होते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. भरतानाही ठोकळ्याभोवती मुरूमच घाला, आणि वर थोडा उंचवटा ठेवा म्हणजे पाणी तिथे थांबणार नाही.

मंजुरी येईपर्यंतचं झाकण

यासाठी ग्रामसभेची वाट पाहू नका. न्यायालयाच्या आदेशात ०.५० बाय ०.५० बाय ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा आहे: ३० सेंमी जमिनीखाली, ३० सेंमी वर. काँक्रीट ०.१५ घनमीटर, म्हणजे सव्वा ते दीड पोतं. लोखंडी केसिंगवर जाड पत्रा वेल्ड करा. केसिंग पीव्हीसीचं असेल तर वेल्डिंग चालत नाही. बाहेरून लोखंडी पाइपचा तुकडा ओट्यात पक्का करून त्याला नट-बोल्टची टोपी लावा. बोल्टची डोकी वेल्ड करून टाका, म्हणजे कुणी उघडणार नाही. बोअरवर पोतं, फरशी किंवा दगड ठेवणं हे उघड्या बोअरपेक्षाही वाईट आहे, कारण मुलाला तिथे जमीन वाटते. प्लास्टिकची टोपी नागपूरच्या उन्हात वर्ष-दीड वर्षात तडकते.

शाळेजवळची विहीर

आधी ठरवा की ती बुजवायलाच हवी का. पाणी असेल, बांधकाम उभं असेल, तर १.२ मीटर उंच कठडा आणि वर लोखंडी जाळी हे स्वस्त पडतं आणि पाणीही राहतं. नागपूर शहरात महाल, इतवारीकडच्या जुन्या सार्वजनिक विहिरींबाबतही माझं मत हेच आहे: पाणीटंचाईच्या वर्षी त्या लागतात. शहरात अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात करायचा.

बुजवायचीच असेल तर माल किती लागतो ते आधी बघा. ४ मीटर व्यास, १२ मीटर खोल विहीर म्हणजे १५१ घनमीटर, ५३ ब्रास. दबल्यावर बसण्यासाठी २० ते २५ टक्के जादा धरून ६५ ब्रास. ट्रॅक्टरच्या साधारण तेवढ्याच ट्रॉल्या. इतका मुरूम कुठून आणायचा, हा प्रश्न आला की लोक गावचा कचरा, बांधकामाचा मलबा, निर्माल्य लोटतात. कचरा पाण्यात कुजतो आणि ते पाणी शेजारच्या विहिरींत जातं. कोराडी-खापरखेड्याची राख फुकट मिळते म्हणून तीही सुचवली जाते. पाण्याच्या पातळीखाली सुटी राख टाकू नका, तिच्यातले धातू पाण्यात उतरू शकतात. गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून आधी घ्या, नाहीतर मुरमाची पहिली ट्रॉलीच रस्त्यात अडवली जाते.

विहिरीत माणूस उतरवण्यावर सक्त नियम हवा. बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो आणि गाळ हलवला की विषारी वायू सुटतो. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत कधीही चालवू नका. दिवा सोडून पाहणं पुरेसं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड असला तरी दिवा जळत राहतो. गाळ वरून यारीने किंवा पोकलेनने काढा. उतरणं टळतच नसेल तर ब्लोअर चालू, वायूमापक, कमरेला दोर आणि वर तीन माणसं.

उभे-आडवे बोअर विहिरीत असतील तर ते आधी सिमेंटने बंद करा. वरून भराव टाकल्यावर ते कायमचे तसेच उघडे राहतात. ४ मीटर पाणी असेल तर ५० घनमीटर, १० किलो ब्लीचिंग. पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत स्वच्छ दगड-गिट्टी, त्यावर वाळू, मग मुरूम ३० सेंमीच्या थरांत पाणी मारून, धुम्मस करून. काळी माती वापरायची असेल तर खालच्या ओलसर भागातच. वरच्या दीड-दोन मीटरमध्ये नको. कठडा आणि वरचं बांधकाम १ मीटर खोलीपर्यंत तोडा, नाहीतर दगडी भिंतीच्या कडेने पाणी आत जात राहतं. वर ३० सेंमीचा उंचवटा सोडा. या जागेवर शाळेची खोली, पाण्याची टाकी किंवा खांब येणार नाही, हे नकाशावर लिहून ठेवा.

पुनर्भरण करू का?

छताचं पाणी असेल तर जरूर. गाळ बसायला एक टाकी, मग दगड, गिट्टी, वाळूचा गाळणखड्डा, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय. पण शेतातलं वाहतं पाणी कधीच नाही, आणि संत्र्याच्या बागेतलं तर नाहीच. फवारणीचं औषध गाळणीत अडकत नाही. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांजवळ किंवा भांडेवाडीच्या कचराडेपोच्या भागात बोअरमध्ये पाणी सोडू नका. टँकरने पाणी सोडून पातळी किती वेळात उतरते ते मोजा. तासभर हललीच नाही तर तो बोअर पुनर्भरणाच्या कामाचा नाही, बुजवा.

शेतांमधले खासगी बोअर

ग्रामपंचायतीचा पैसा खासगी जमिनीवर सरळ खर्च करता येत नाही. बुजवायची जबाबदारी मालकाची आणि खोदणाऱ्याची आहे. रस्त्यालगत किंवा सार्वजनिक जागेलगत विहीर किंवा खड्डा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी मालकाला कुंपण घालायचा आदेश देऊ शकतात. पण नोटीशीआधी एक सोपं करता येतं. सार्वजनिक कामासाठी तिपाई, पाइप आणि माणसं गावात येतीलच. त्याच आठवड्यात शेतकऱ्यांनी १२-१२ पोती सिमेंट आणि मजुरी स्वतः दिली तर सात-आठ बोअर एका दमात होतात. विहिरीत भावकीचे हिस्से असतील तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. वीजजोडणी कायमची खंडित करून घ्या आणि सातबाऱ्यावरील नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून बदलून घ्या.

नवीन बोअरसाठी ग्रामसभेत ठराव करा: खोदण्याआधी १५ दिवस लेखी सूचना, नोंदणी असलेलीच गाडी, आणि पाणी न लागल्यास गाडी हलण्याआधी बोअर भरायचा. त्या क्षणी माणसं आणि खोदलेला चुरा दोन्ही जागेवर असतात, फक्त वरच्या सीलचं सिमेंट आणायचं राहतं. मालकाने शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवावा. तोच हप्ता एकदा दिला की गाडी परत येत नाही.

काम झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक जागा पुन्हा बघा. भराव १० सेंमीपेक्षा जास्त बसला असेल तर नुसती माती लोटू नका. उकरून काँक्रीटचा ठोकळा जागेवर आहे का ते पाहा. ठोकळाही खाली गेला असेल तर आत पोकळी आहे, आणि वरची सील फोडून पुन्हा घोळ सोडावा लागेल. म्हणून ठेकेदाराची अनामत या तपासणीनंतरच सोडा, आणि हे कामाच्या आदेशातच लिहा.